चेंडूचा हिशेब (लेखांक १९) : शेवटचं षटक कितीला पडतं?

यॉर्कर टाकताना पाय कुठे पडतो, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. धारवाडच्या सुभाष रोडवरून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या आवडीच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवणारा आहे.

पत्र लिहिणारे गृहस्थ जुने वाचक. जावई शिकागोत. जुलै संपत आला की जावईबापूंचं फोनवर लक्ष नसतं म्हणे. विचारलं की सांगतात, "बाबा, एक क्लोजर येणार अशी बातमी आहे. त्याच्या बदल्यात आमची दोन चांगली पोरं जाणार. आनंद करावा की रडावं, कळत नाही." यावर गृहस्थांचा सवाल असा : "मोसम अर्ध्यावर आल्यावर गडी बदलायचा, तोही शेवटची तीन माणसं बाद करण्यापुरता, आणि त्याच्यासाठी उद्याचा हिरा देऊन टाकायचा, हा व्यापार की जुगार?" सुभाष रोडला वादाचं वावडं नाहीच. १९३३ साली सुरू झालेल्या मनोहर ग्रंथमालेचा 'अट्ट' याच रस्त्यावर. कन्नड लेखकांच्या पिढ्या तिथे बसून एकमेकांची हजेरी घेत आल्या. तिथून प्रश्न यायचा तर असाच यायचा.

आधी क्लोजर म्हणजे कोण ते उरकू. बेसबॉलच्या नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद. पिचर, म्हणजे गोलंदाज, एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येत नाही, म्हणून उत्तरार्धात ताज्या दमाचे पिचर (यांना रिलीव्हर म्हणतात) एकामागून एक आणतात. त्यांतला सर्वांत जहाल जो, तो नवव्या इनिंगसाठी राखून ठेवतात. संघाचे मोसमात १६२ सामने. जुलैअखेरीच्या सुमारास अदलाबदलीची मुदत संपते. पूर्वी ऑगस्टमध्येही एक मागचं दार किलकिलं असायचं, २०१९ पासून तेही बंद झालं.

आता खरी गंमत. हा सौदा पैशात होत नाही, होतो तो पोरांमध्ये. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान संघांची उतरंड असते आणि तिथे अठरा-वीस वर्षांची मुलं वर्षानुवर्षं तयार होत असतात. ज्या संघाचा मोसम वाया गेला तो जुलैत आपला नामवंत क्लोजर विकायला काढतो, आणि ज्याला यंदा जिंकायचंय तो त्याच्या बदल्यात ही मुलं मोजतो. एकाचा आज, दुसऱ्याचा उद्या.

आयपीएलमध्ये हे जमत नाही, त्याचं कारण इथेच आहे. अदलाबदल आपल्याकडेही होते. २००९ च्या मोसमाआधी बंगळुरूनं श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला दिला आणि कर्नाटकाचा रॉबिन उथप्पा घेतला. धारवाडच्या ज्या मराठी घरांत थोरले मुंबईचे आणि पोरं बंगळुरूची, तिथे 'फसलं कोण' हा विषय आजही पुरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये जडेजा राजस्थानला आणि सॅमसन चेन्नईला गेला, पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईत आला. पण हे सगळं मोसमाबाहेर. जेमतेम दोन महिन्यांची स्पर्धा, तीनेक वर्षांनी महालिलाव आणि पुन्हा सगळी पाटी कोरी. पाच वर्षांनी पिकणारं पोरगं कुणाच्या मालकीचंच नाही, तर ते सौद्यात देणार कसं? आपल्या संघांना 'उद्या' नसतो, म्हणून तो विकताही येत नाही.

क्लोजरचा भाव इतका का चढला, याचा दोष मी एका आकड्याला देतो. त्याचं नाव सेव्ह. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी हा हिशेब काढला आणि १९६९ मध्ये तो अधिकृत झाला. संघ तीन किंवा कमी धावांनी पुढे असताना येऊन अखेरची पूर्ण इनिंग टाकली आणि आघाडी टिकली, की सेव्ह नावावर. (आणखी दोन पोटकलमं आहेत, त्यांत शिरत नाही.) म्हणजे तीन धावांच्या आघाडीवर येऊन दोन दिल्या तरी सेव्ह पक्का. २०२५ ची आयपीएल फायनल आठवा. पंजाबला शेवटच्या षटकात २९ हवे होते. हेझलवुडला २२ पडले, बंगळुरू ६ धावांनी जिंकलं. बेसबॉलच्या वहीत तो सेव्ह घेऊन घरी गेला असता. सामना खरा फिरवला होता तो कृणाल पंड्यानं, मधल्या षटकांत, १७ धावांत २ बळी घेऊन. सामनावीरही तोच ठरला, हे आपल्या पद्धतीचं शहाणपण.

आता शिकागो. २५ जुलै २०१६ रोजी शिकागो कब्जनं न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला. २०१० मध्ये ताशी १६९ किलोमीटरचा चेंडू टाकलेला डावखुरा. बदल्यात चौघे गेले, त्यांत ग्लेबर टोरेस नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. चॅपमनचा करार त्याच मोसमापुरता, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची सोबत. शिवाय घरगुती हिंसेच्या प्रकरणात लीगनं त्याला मोसमाच्या सुरुवातीला ३० सामने बाहेर बसवलं होतं. फौजदारी आरोप दाखल झाले नव्हते, तरी असल्या माणसासाठी टाळ्या वाजवायच्या का, हा काटा बऱ्याच चाहत्यांना टोचत होता. दुसऱ्या पारड्यात काय, तर १९०८ पासून न मिळालेलं विजेतेपद. यांकीजचा धंदा एवढ्यावर थांबला नाही. आठवड्याच्या आत त्यांनी दुसरा रिलीव्हर अँड्र्यू मिलर क्लीव्हलंडला विकला. ऑक्टोबरअखेर हेच दोन संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, समोरासमोर.

मिलरला क्लीव्हलंडचे व्यवस्थापक टेरी फ्रँकोना नवव्या इनिंगसाठी झाकून ठेवत नव्हते. सामना पाचव्या इनिंगमध्ये पेटला तर मिलर पाचव्यात. मी या माणसाचा भक्त आहे. कब्जचे जो मॅडन यांनी मात्र चॅपमनला पिळून काढलं : पाचव्या सामन्यात ४२ चेंडू, सहाव्यात पाच धावांची आघाडी असताना आणखी २०.

सातवा सामना, २ नोव्हेंबर, क्लीव्हलंड. सहाव्या इनिंगमध्ये निवृत्तीला टेकलेल्या डेव्हिड रॉसनं मिलरला होमरन मारला. आठव्या इनिंगमध्ये दोन बाद, कब्ज ६-३ नं पुढे, चॅपमन आला. पहिल्याच गड्यानं डबल मारून एक धाव वसूल केली. मग रजाई डेव्हिस. त्यानं बॅट मुठीपासून चांगली वर धरली होती, आपल्याकडे शेपटाचा फलंदाज शेवटच्या जोडीत धरतो तशी. वेग चॅपमनचा, डेव्हिसला फक्त बॅट वेळेवर आणायची होती. चेंडू डावीकडच्या भिंतीवरून पलीकडे. आणखी दोन धावा, ६-६. जुलैत यांकीजनं विकलेल्या दोन्ही महागड्या गड्यांना एकाच रात्री होमरन!

पुढे १७ मिनिटं पाऊस आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्जचा ८-७ असा विजय. आता वही काय म्हणते पाहा. आघाडी घालवणारा चॅपमन विजयी पिचर म्हणून नोंदला गेला, कारण नववी त्यानं निभावली होती. शेवटचा गडी बाद करून सेव्ह मिळवला तो माइक मॉन्टगोमेरीनं, आणि तो त्याच्या कारकिर्दीतला पहिला सेव्ह. हा मॉन्टगोमेरीसुद्धा त्याच जुलैतली खरेदी, चॅपमनच्या मानानं अगदी स्वस्तातली. चॅपमन डिसेंबरमध्ये पाच वर्षांच्या करारावर पुन्हा यांकीजकडेच गेला. टोरेस २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार. यांकीजनं गडीही परत मिळवला आणि मुलगाही ठेवला. जावईबापूंना रडू येतं ते का, हे सासऱ्यांना आता कळावं.

माझं मत? २०१६ चा सौदा बरोबर होता. १०८ वर्षं थांबलेल्यानं भाव करत बसू नये. एरवी मात्र एकट्या नवव्या इनिंगसाठी टोरेस देऊ नये. सामना बहुधा त्याआधीच फिरलेला असतो. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. रोहितनं बुमराला विसाव्या षटकासाठी राखलं नाही. सोळावं दिलं, ४ धावा. अठरावं दिलं, २ धावा आणि यान्सनचा त्रिफळा. विसावं हार्दिककडे आलं तेव्हा गाठायला १६ उरल्या होत्या. कागदावर शेवट हार्दिकचा, पण आफ्रिकेचा श्वास कोंडला तो आधीच्या चार षटकांत.

धारवाडकरांसाठी घरचाच दाखला आहे. २३ ऑगस्ट २०२४, महाराजा ट्रॉफी, हुबळी टायगर्स विरुद्ध बंगळुरू ब्लास्टर्स. दोघांच्याही १६४. पहिली सुपर ओव्हर १०-१०. दुसरी ८-८. तिसरीत ब्लास्टर्सच्या १२, आणि शेवटच्या चेंडूवर मन्वंत कुमारच्या चौकारानं हुबळीच्या १३. एका सुपर ओव्हरचा गोलंदाज लगेच पुढची टाकू शकत नाही, असा नियम आहे. सगळा पैसा एका क्लोजरवर ओतलेल्या संघानं दुसऱ्या सुपर ओव्हरला चेंडू कुणाकडे दिला असता?

वाचकांना एक विनंती. पुढचा कोणताही टी-ट्वेंटी सामना पाहताना सोळा ते एकोणीस ही चार षटकं कुणी टाकली आणि किती दिल्या, ते कागदावर टिपून ठेवा आणि पोस्टकार्डावर मला पाठवा. सुभाष रोडवरच्या गृहस्थांनी जावयाकडूनही शिकागोच्या सातव्या-आठव्या इनिंगची अशीच टिपणं मागवावीत.