सौरपंपाच्या नावाने येणारे बनावट निरोप



उसाला पाणी द्यायचे म्हणजे रात्री-बेरात्री विजेची वाट पाहायची, हे शिंदखेडा तालुक्यात आम्ही कुणाला सांगायला नको. म्हणून सौरपंपाचे नाव काढले की आपले कान टवकारतात. लुटारूंनी नेमके हेच हेरले आहे. ‘आपला अर्ज मंजूर झाला आहे. शेतकरी हिस्सा आजच भरा, उद्या यादी बंद’ असा निरोप मोबाइलवर किंवा ई-मेलने येतो आणि खाली दाबायला एक लिंक असते.

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ साली मंजूर झाली. त्याच वर्षी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला बनावट संकेतस्थळांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला, आणि २०२० मध्ये तो पुन्हा द्यावा लागला. मंत्रालयाने उघड केलेल्या पत्त्यांपैकी एक होता ‘पीएमकिसानकुसुमयोजना डॉट को डॉट इन’. आता बघा, यात पीएम आहे, किसान आहे, कुसुम आहे, योजनाही आहे. शेतकऱ्याला संशय यावा तरी कसा? शिवाय या योजनेत हिस्सा खरोखरच भरावा लागतो. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट अशी चिकटवली की भलेभले फसतात. त्यात अडाणी-शिकलेला असा भेद नाही.

कपाशीच्या बोगस बियाण्याची पिशवी दिसायला अस्सलच असते. आपण चित्राला भुलत नाही, लॉट नंबर पाहतो, पक्के बिल मागतो. इथेही तसेच करायचे. पत्ता उजवीकडून वाचायचा. पहिली तिरपी रेघ येते तिच्या आधीचे शेवटचे शब्द पाहायचे. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हे शेपूट फक्त सरकारलाच मिळते. ‘डॉट को डॉट इन’सारखे शेपूट असलेले नाव मात्र कोणीही बाजारातून विकत घेऊ शकतो. मंत्रालयाचा खरा पत्ता ‘पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. पण एवढ्यावर भागत नाही. आपल्या महावितरणचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे, त्यात जीओव्ही नाही, तरी तो खरा आहे. म्हणून आलेली लिंक दाबूच नका. वीजबिलावर छापलेला पत्ता पोराकडून हाताने टाईप करून घ्या आणि आपला अर्ज क्रमांक तिथे तपासा.

ई-मेलवर पाठवणाऱ्याचे नाव ‘कृषी विभाग’ दिसले म्हणून हुरळू नये. पाकिटाच्या मागे कोणीही ‘कलेक्टर कचेरी’ लिहू शकतो, तसलाच हा प्रकार. नावावर बोट ठेवले की मागचा पत्ता दिसतो. बहुतेक वेळा तिथेच पितळ उघडे पडते. या फसवणुकीला इंग्रजीत ‘फिशिंग’ म्हणतात, म्हणजे गळ टाकणे. मुडावदच्या संगमावर गळ टाकणारा काय करतो? माशाला जे हवे तेच आमिष लावतो.

दुसरा गळ एपीके फाइलचा. ‘पीएम किसान’ नावाची अशी फाइल व्हॉट्सॲपवर येते, बरेचदा ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या हाती गेलेला असतो. ती बसवली की मोबाइलवर येणारे ओटीपी परभारे दुसरीकडे वाचले जातात. आणि हो, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. ऊसबिलासाठी कारखाना ओटीपी मागत नाही. आमच्या नावाने कोणी मागितला तर फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच तर लाजू नका. भावकीत चर्चा करायच्या आधी १९३० वर फोन लावा, मग बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ जवळ ठेवा, तो मेसेज पुसू नका. फोन करणे जमत नसेल तर मोबाइल घेऊन सरळ गट कार्यालयात या, आम्ही लावून देऊ.

— ऊस विकास अधिकारी