३६ तासांची हॅकेथॉन, आठ वर्षांची तोफ

जुन्या, अवाढव्य कंपन्यांना गेल्या दशकात हॅकेथॉनचा भारी सोस लागला. आपल्याकडे २०१७ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आली, सलग ३६ तासांची. २०१८ मध्ये संरक्षण खात्याने नवउद्योगांसाठी ‘आयडेक्स’ काढली. तिच्या २०२० च्या स्पर्धेत तर आयुध निर्माणींनीही आपल्या अडचणी बाहेरच्यांपुढे मांडल्या. डबक्यात दगड पडला, हे चांगलंच झालं. पण या कारखान्यांचं घोडं कल्पनेपाशी अडलं होतं का? जबलपूरचा अनुभव वेगळं सांगतो.

इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. १९८६ च्या बोफोर्स तोफांच्या व्यवहारातून मिळालेली तंत्रज्ञानाची कागदपत्रं आरोपांच्या धुरळ्यात वर्षानुवर्षं पडून होती. २०११ च्या सुमारास त्यांतून ‘धनुष’ ही तोफ घडवायचं ठरलं. मूळ नळी ३९ कॅलिबरची, म्हणजे सहा मीटरची. ती ४५ कॅलिबरची, जवळपास सात मीटरची केली. नेम धरायला संगणक आला, मारा ३८ किलोमीटरवर गेला. हे सगळं मुख्यतः आयुध निर्माणींतल्याच माणसांनी जमवलं, तेही झपाट्याने: २०१३ मध्ये तोफ पोखरणला चाचणीसाठी उभी होती.

खरी रखडपट्टी तिथून पुढची. त्याच चाचणीत नळी फुटली. २०१७ मध्ये गोळा तोंडाशी बसवलेल्या मझल ब्रेकवर आदळला. त्याच वर्षी जर्मन म्हणून चिनी बेअरिंग खपवल्याबद्दल सीबीआयने गुन्हा नोंदवला. ११४ तोफांच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हाती पडल्या ८ एप्रिलला.

कल्पनेनंतरच्या अशा प्रतीक्षेतून मायक्रोसॉफ्टचीही सुटका नव्हती. दिव्यांगांसाठीच्या तिच्या गेम-कंट्रोलरचा नमुना २०१५ च्या अंतर्गत हॅकेथॉनमध्ये झाला. बाजारात तो आला २०१८ मध्ये. आणि त्यात दारूगोळा नव्हता!

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. जबलपूरचे कारखाने त्यांत वाटले गेले. खमरियाचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. त्यांच्या वरिष्ठांना एकच सांगणं आहे: हॅकेथॉन जरूर घ्या, पण बक्षिसाचा धनादेश देतानाच चाचणीची तारीख, तिचा खर्च आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नावही जाहीर करा.