रेशमाच्या घरी पेशींचा मुक्काम

जालन्याच्या बाजार समितीत 2018 मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातला शेतकरी तुतीवर अळ्या पोसायचा आणि कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जायचा. आता छत्रपती संभाजीनगरकडचा माल जालन्यात उतरतो. कोषातून किती लांब आणि किती अखंड धागा निघेल, यावर त्याचा भाव ठरतो. मात्र याच कोषाला आणखी एक गिऱ्हाईक आहे आणि त्याला धागा नकोच आहे. त्याला हवं आहे धाग्यातलं फायब्रोइन नावाचं प्रथिन, कारण त्यातून जिवंत पेशींसाठी घर बांधता येतं.

पेशींना घर कशाला? छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात भाजलेला रुग्ण आला की त्याच्याच मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर बसवतात. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर काढायला कातडीच उरत नाही. मग वाटतं, चार पेशी घ्याव्यात, प्रयोगशाळेत वाढवाव्यात. वाढतातही, पण सपाट बशीत वाढलेल्या पेशी आपला स्वभाव विसरतात. कूर्चेच्या पेशी बशीत काही आठवडे राहिल्या की कूर्चा घडवणं हळूहळू सोडून देतात.

शरीरात त्या अशा मोकळ्या पडलेल्या नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं असतं. हे तंतू साधारण 50 ते 500 नॅनोमीटर जाडीचे. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरचा. तंतूंच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. पेशी या जाळ्याला धरून बसते, ओढून पाहते आणि त्याच्या ताठपणावरून वागणं ठरवते. 2006 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या डेनिस डिशर यांच्या गटाचा शोधनिबंध आला. मेंदूइतक्या मऊ गरावर ठेवलेल्या मूळ पेशी चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या ताठ गरावर स्नायूंच्या, आणि त्याहून कडक पृष्ठावर हाडाच्या. खाद्य तेच, फक्त बैठक वेगळी. त्या निबंधाचे एक लेखक शमिक सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले.

हे जाळं आणि हा गर हातांनी बनवायच्या दोन वाटा आहेत. पहिली नॅनोतंतूंची. बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, द्रावण सिरिंजमध्ये भरायचं, सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि वीतभर अंतरावर धातूचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकाचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून बारीक धार सुटते, हवेतच द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर कापडासारखा पापुद्रा साचतो. आंतोन फोर्महाल्स यांनी 1934 मध्ये या रीतीचं अमेरिकी पेटंट घेतलं. त्या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी 1960च्या दशकात मांडलं.

दुसरी वाट हायड्रोजेलची. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जो बुळबुळीत गर फुगतो तोही निसर्गातला हायड्रोजेलच: थोडंसं जाळं आणि पोटात भरपूर पाणी. माणसाने शरीरासाठी मुद्दाम घडवलेल्या हायड्रोजेलची सुरुवात 1960 मध्ये प्रागच्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांच्या शोधनिबंधापासून धरतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली.

दोन्ही वाटांत खोट आहे आणि माझ्या मते या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. नॅनोतंतूंच्या पापुद्र्यातली छिद्रं बहुधा पेशीहून लहान असतात; पेशी पृष्ठावर छान पसरते, आत मात्र शिरू शकत नाही. हायड्रोजेलमध्ये पेशी आतच मिसळता येते, पण गर लेचापेचा, ताण आला की फाटतो. शिवाय पेशीपासून रक्तवाहिनी शे-दोनशे मायक्रोमीटरपेक्षा लांब गेली की प्राणवायू पोचेनासा होतो, म्हणून जाड तुकडा आतून मरतो. त्यामुळे हल्ली गरात तंतू मिसळतात, पापुद्र्यांच्या थरांमध्ये गर भरतात. संपूर्ण यकृत बनवल्याच्या बातम्या वाचताना वाचकाने हा प्राणवायूचा प्रश्न विचारावा. बरीच हवा तिथेच निघून जाते.

रेशीम इथे उपयोगी पडतं, कारण एकाच मालातून तंतूही होतो आणि गरही. पैठणीसाठी रेशीम रंगवण्याआधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरचा डिंक, म्हणजे सेरिसिन, काढतात. प्रयोगशाळेतही पहिली पायरी तीच. कोषाच्या वजनाचा पाव भाग इथेच जातो. उरलेलं फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात विरघळवतात आणि मग पाण्यात ठेवून त्यातला क्षार काढून टाकतात. हाती येतं प्रथिनाचं पाणी. ते सुईतून ओढलं की नॅनोतंतू, ध्वनिलहरींनी ढवळलं की काही वेळात गर. शरीराला रेशीम परकंही नाही. शल्यविशारद रेशमाचे टाके कित्येक पिढ्या घालत आले आहेत.

पुण्यात हे काम कागदाबाहेर आलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी फायब्रोइनचे बारीक कण एकमेकांना जोडून हाडासाठी सच्छिद्र आधार बनवला. तो शोधनिबंध 2018 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये आला. याच संशोधनातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. अशा आधारात पेशी आधीपासून भराव्या लागत नाहीत. हाडाच्या पोकळीत तो बसवला की रुग्णाच्याच पेशी आत येऊन मुक्काम करतात आणि रेशीम सावकाश विरघळत जातं. जिवंत पेशी भरलेला माल टिकवणं, पाठवणं आणि त्याला परवानगी मिळवणं यापेक्षा हे कितीतरी सोपं. म्हणून भारतासारख्या देशात आधी हीच पद्धत चालेल, असं मला वाटतं.

आता परत कोषाकडे. पतंग बाहेर पडून भोक पडलेला कोष बाजारात मातीमोल होतो, कारण त्याचा धागा तुटलेला असतो. फायब्रोइनसाठी मात्र प्रयोगशाळेत चांगला कोषही कात्रीने कापूनच उकळतात, तेव्हा भोकाने बिघडत काही नाही. अडचण वेगळी आहे. औषधी मालाला प्रत्येक लॉटचा माग लागतो: अंडीपुंज कुठले, तुतीवर काय फवारलं, संगोपनगृहात कोणतं जंतुनाशक वापरलं, कोष किती तापमानाला वाळवले. लिलावात पोत्यावर पोतं ओतलं की हा माग पुसला जातो. दहा-वीस शेतकऱ्यांच्या गटाने स्वतंत्र वही ठेवून कोष वेगळे वाळवले तर तो टिकेल. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा संकुल जालन्यातच आहे. हे कोष उकळून त्यांतल्या प्रथिनाची शुद्धता तपासायला पुण्यालाही जायची गरज पडू नये.