न तोडलेल्या पानांचे गाव

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरी कामट्यांवरून हमखास भांडण जुंपते. नातवंडांना आकाशकंदील घरीच करायचा असतो, आणि कामट्या मात्र आजोबांनी बुरुडआळीत जाऊन आणायच्या असतात. यंदा कामट्या तासता तासता धाकट्याने विचारले, "आजोबा, बांबू हे झाड की गवत?" मी "गवत" म्हणालो. थोरलीने लगेच पुस्तक उघडून खातरजमा करून घेतली, आणि बऱ्याच दिवसांनी या घरात माझे म्हणणे बरोबर ठरले!

मौज अशी की, याच प्रश्नाने आपल्या देशात तब्बल नव्वद वर्षे घोळ घातला होता. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत केलेली होती. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. कायदा म्हणे, झाड! झाड म्हटले की ते तोडायला आणि जंगलाबाहेर न्यायला सरकारी परवाना आला. आणि जंगल सरकारचे, तेव्हा त्यातला बांबू कोणाला द्यायचा हेही सरकारच ठरवणार. कागद गिरण्यांना तो वर्षानुवर्षे मिळत राहिला. ज्या गोंड, माडिया कुटुंबांच्या परसामागे तो वाढत होता, त्यांच्या वाट्याला आली ती बहुतेक तोडणीची मजुरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले, आणि गावाने पिढ्यानपिढ्या वापरलेल्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द गळाला तो मात्र २०१७ साली.

हक्क कागदावर मिळणे आणि हातात पडणे यांत किती अंतर असते, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला विचारावे. १९८० नंतरच्या काळात धरणांविरुद्धच्या चळवळीतून हे गाव जागे झाले. गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची जोडी तिथे जमली. मोहनभाऊ २०२५ साली निवर्तले. त्यांची रीत अशी की, बाहेरच्या माणसाने उपदेश करायचा नाही. सगळ्यांनी मिळून अभ्यास करायचा आणि निर्णय ग्रामसभेने घ्यायचा. तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने! एखाद्या बाईला पटले नाही, तर पुन्हा बसायचे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावची. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. पण बांबू बाहेर नेण्याचे परवाने अडकून पडले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

मेंढ्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. मला आज सांगायचे आहे ते त्याच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाविषयी. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. पारोमिता गोस्वामी यांच्या 'एल्गार' संघटनेची साथ गावाला होती, आणि २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगल पाचगावच्या हवाली झाले. गावाने सभा घेतली, नियम केले, बांबूची तोडणी आणि विक्री स्वतः हाती घेतली. बांबूची मजुरी गावातच मिळू लागल्यावर, मजुरीसाठी गाव सोडून जाण्याची पाळी सरली. इथवरची हकीकत आनंदाची, परंतु अनपेक्षित नव्हे.

अनपेक्षित गोष्ट पुढेच आहे. पाचगावने तेंदूपान तोडणे बंद केले!

याचे मोल कळण्यासाठी तेंदूचा हंगाम कळला पाहिजे. आपण ज्याला टेंभुर्णी म्हणतो तोच तेंदू. त्याच्या पानात विडी वळतात. एप्रिल-मे महिन्यांत शेतात काम नसते, घरातले धान्य तळाला गेलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी हे पान रोख पैसा देते. पहाटे अंधारात घरातली सगळी माणसे रानात जातात, दुपारभर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. कोणाचे लग्न त्यावर होते, कोणाचे कर्ज त्यावर फिटते. अशा पैशाला आपण होऊन नको म्हणणे म्हणजे काय, हे महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या तुम्हा-आम्हाला सहजी उमगायचे नाही.

मग नको का म्हटले? कारण कोवळे, रुंद पान हवे असेल तर झुडपे छाटावी लागतात, आणि अनेक ठिकाणी नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून उन्हाळ्यात जंगलाला आग लावली जाते. ही आग जमिनीलगत सरकते. मोठे झाड तिच्यातून वाचते, म्हणून लांबून पाहणाऱ्याला जंगल जसेच्या तसे दिसते; पण पालापाचोळा जळतो, बी जळते, वीतभर वाढलेली रोपे जळतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर पाऊस कोसळला की माती वाहून जाते आणि पाणी मुरायचे राहते. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर चढतो. त्यात पावसाचा नेम आता राहिलेला नाही. महिनाभराचा पाऊस चार दिवसांत पडतो आणि मग पाठ फिरवतो. अशा दिवसांत जमिनीवरचे ते पाचोळ्याचे पांघरूण हीच रानाची पाण्याची टाकी. झुडूप छाटले की फळही गेले. शिवाय पान व्यापाऱ्याच्या हाती जायचे आणि शेवटी त्याचा धूर व्हायचा, हेही गावाला रुचले नाही. (मी स्वतः विडी ओढत नाही, म्हणून हे वाक्य निर्धास्तपणे लिहू शकतो.)

गावाला हे परवडले ते बांबूमुळे, हे मात्र विसरता कामा नये. ज्या गावात बांबू नाही, तिथल्या माणसांना शहरात बसून "तेंदू सोडा" म्हणणे शुद्ध आगाऊपणा होईल. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूचा लिलाव स्वतःच करतात आणि त्यावर उभ्या आहेत. प्रत्येक गावाने आपले रान ओळखून आपला हिशेब मांडावा, हेच खरे.

आणि रान ओळखण्यात गावकरी शास्त्रज्ञांना हार जात नाहीत, याचा एक नामी दाखला डॉ. माधव गाडगीळ यांनी नोंदवला आहे. १९७० च्या दशकात ते कर्नाटकातल्या कारवारकडच्या जंगलात बांबूचा अभ्यास करीत होते. तिथले बांबूचे बेट काटेरी असते. तोडणी सोपी व्हावी म्हणून कागद गिरणीची माणसे बुडाशी असलेले काट्यांचे जाळे साफ करीत. त्यानेच बेट निरोगी वाढते, असे साहेब लोकांचे मत! गावकरी म्हणत, "काटे काढू नका, कोंब मरतील." गाडगीळांनी मोजून पाहिले, तो गावकऱ्यांचेच खरे. काट्यांचे कुंपण गेले की कोवळा कोंब गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी पडे. अशी माणसे आणि असा शास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणजे जंगलाचा जो आराखडा तयार होतो, तो नुसत्या कचेरीत होत नाही.

पाचगावने आणखी एक गोष्ट केली. आपल्या जंगलातला सर्वांत चांगला असा ३४ हेक्टरांचा तुकडा त्यांनी निराळा काढला आणि देवाच्या नावाने राखून ठेवला. जुनी देवराई राखल्याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. नवी देवराई स्थापन केल्याचे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

तेंदूच्या झुडपांवर तिथे आता पुन्हा फळ धरते. चिकूच्या जातीचा वाटावा असा पिवळसर, गोड गर असतो त्याला. उन्हाळ्यात टेंभरे पिकली की पाखरे खातात, पोरे खातात, उरलेली टोपलीत भरून बाजारात जातात. टोपली अर्थातच बांबूची.