तारेतला प्रतिध्वनी

एक लांब दोरी खिडकीच्या गजाला बांधा आणि मोकळे टोक हातात धरून झटका द्या. दोरीवर उठलेली लाट गजापर्यंत धावेल आणि उलटी होऊन तुमच्याकडे परत येईल. वेगाने संदेश नेणाऱ्या तारांतही लाटा अशाच परत फिरतात!

संगणकांना जोडणाऱ्या केबलमध्ये पीळ घातलेल्या तारांच्या जोड्या असतात. संदेश घेणारे मंडल, म्हणजे ग्राही, जोडीतल्या दोन तारांमधील विभवांतर तेवढे वाचते. बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. पण प्रतिध्वनी मात्र असा जात नाही.

समजा, केबल ५ मीटर लांब आहे. तीत संदेश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे २० सेंटिमीटर जातो. ग्राहीपासून परत फिरलेली लाट सुरुवातीच्या टोकावरही परावर्तित झाली, तर ५० नॅनोसेकंदांनी पुन्हा ग्राहीवर येते. सेकंदाला १० कोटी बिट धाडत असू, तर एका बिटाला १० नॅनोसेकंदच मिळतात. म्हणजे पहिल्या बिटाचा प्रतिध्वनी सहाव्यावर आदळतो आणि ० च्या जागी १ वाचला जाऊ शकतो!

यावर उपाय म्हणजे ग्राहीच्या अगदी जवळ दोन तारांमध्ये जोडलेला एक रोधक. तो किती ओहमचा घ्यावा? केबलमधून धावणाऱ्या लाटेचे विभवांतर भागिले प्रवाह ही संख्या ठरलेली असते. तिला केबलचा लाक्षणिक संरोध म्हणतात. तो तारांची जाडी, त्यांमधील अंतर आणि आवरण यांवर अवलंबून असतो, लांबीवर नव्हे. संगणकाच्या केबलमध्ये तो बहुधा १०० ओहम असतो. रोधकही तेवढाच घेतला, तर लाटेच्या दृष्टीने तार संपतच नाही. तिची ऊर्जा रोधकात उष्णता होऊन विरते.

हे सूत्र पाहा:

परत फिरणारा भाग = (रोधक − संरोध) ÷ (रोधक + संरोध)

'एलव्हीडीएस' या पद्धतीत ३.५ मिलिअँपिअर प्रवाह १०० ओहममधून जाऊन ३५० मिलिव्होल्ट मिळतात. रोधक १५० ओहमचा घेतला, तर ५२५ मिलिव्होल्ट मिळतील. संदेश मोठा झाला खरा. पण सूत्रानुसार ५० ÷ २५०, म्हणजे लाटेचा पाचवा हिस्सा परत फिरेल! म्हणून रोधक निवडायचा तो केबल पाहून.

आता एक कोडे. काही ग्राहींच्या आतच १०० ओहमचा रोधक असतो. तेथे बाहेरून तसाच आणखी एक लावला तर? समांतर जोडणी तुम्हाला ठाऊक आहेच. किती भाग परत फिरेल, आणि उत्तरापुढच्या ऋण चिन्हाचा अर्थ काय, ते तुम्हीच शोधा. खिडकीची दोरी मदतीला आहेच!