भाड्यासाठी घर : भांडवल, कर्ज आणि परतावा

निवृत्तीच्या वेळी मिळणारे उपदान व भविष्य निर्वाह निधीची रक्कम घरात गुंतवावी, असा विचार अनेक शिक्षक व शासकीय कर्मचारी करतात. स्थावर मालमत्तेत घातलेला पैसा बुडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राहत्या घराचे समाधान पैशात मोजता येत नाही. परंतु भाडे मिळावे किंवा पुढे विकून नफा व्हावा, या हेतूने दुसरे घर घेणे हा व्यवहार होय. आणि व्यवहाराचा हिशेब आधीच मांडला पाहिजे.

भांडवलाची उभारणी

बँक घराची संपूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ३० लाखांपेक्षा अधिक व ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते. शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांचा भार खरेदीदारावरच पडतो.

उदाहरणादाखल ४० लाख रुपयांचे घर घेऊ. ३२ लाख कर्ज मिळाले, तर ८ लाख स्वतःचे घालावे लागतील. मुद्रांक शुल्क ६ टक्के व नोंदणी फी ३० हजार धरल्यास आणखी २ लाख ७० हजार लागतील. म्हणजे घर ४० लाखांचे असले, तरी त्याचा खर्च ४२ लाख ७० हजार आणि स्वतःचे भांडवल १० लाख ७० हजार होय.

भाडे आणि व्याज

हे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २८,८०० रुपये येतो. घराचे भाडे दरमहा १० हजार आहे आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहते, असे समजू. १ लाख १० हजारांतून मालमत्ता कर, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी व दुरुस्ती यांसाठी २६ हजार वजा केल्यास ८४ हजार उरतात. एकूण खर्चावर हे उत्पन्न जेमतेम २ टक्के पडते.

वर्षाचे हप्ते मात्र सुमारे ३ लाख ४५ हजारांचे होतात. म्हणजे दरमहा जवळजवळ २२ हजार रुपये पदरचे भरावे लागतात. निवृत्तिवेतनातून हा भार पेलेल काय, हा पहिला प्रश्न आहे. वय अधिक असल्यास परतफेडीची मुदत कमी मिळते व हप्ता आणखी वाढतो. बदलत्या दराचे कर्ज असेल, तर व्याजदर वाढताच हप्ता किंवा मुदत वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

किमतीतील वाढ

पहिल्या वर्षी हप्त्यांपैकी सुमारे २ लाख ८६ हजार केवळ व्याजात जातात. निव्वळ भाडे वजा जाता २ लाखांची तूट राहते. स्वतःचे भांडवल ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले असते, तर ७५ हजार मिळाले असते. दोन्ही मिळून २ लाख ७७ हजार होतात. म्हणजे पहिल्या वर्षी घराची किंमत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली, तरच व्यवहार बरोबरीत सुटतो. त्याहून अधिक वाढ झाली तरच नफा. भाडे व व्याज यांचा अंदाज बांधता येतो. किमतीतील वाढ ही केवळ अपेक्षा असते. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून घर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के दराने कर आकारला जातो, तोही हिशेबात धरावा.

आवश्यक खबरदारी

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये प्रकल्पाची नोंदणी झाली आहे किंवा नाही, हे महारेराकडे पडताळून पाहावे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

गावातील लोक अशा व्यवहारात प्रथम शिक्षकांचा व पंचायत सदस्यांचा सल्ला घेतात. त्यांनी सल्ला विचारणाऱ्यास वरील चार आकडे, म्हणजे स्वतःचे भांडवल, मासिक हप्ता, निव्वळ भाडे व वार्षिक तूट, कागदावर मांडावयास सांगावे. तूट सोसण्याची ऐपत असेल, तरच विसार द्यावा.