दुधाचे कॅन आणि हलकं हँडल

घोडेगावहून मंचरकडे सकाळी निघालेली दुधाची मोटरसायकल पाहा. मागे दोन्ही बाजूंना 40 लिटरचे भरलेले कॅन, म्हणजे नुसतं दूधच 80 किलोंच्या वर. तेही मागच्या चाकाच्या आसाजवळ किंवा त्याच्याही मागे. मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर हँडल ‘ऐकत’ नाही.

उपाय शॉकअपच्या तळाशी असतो, खाचांची फिरती कडी. ती वरच्या खाचेवर घेतली की स्प्रिंग आधीच दाबली जाते. स्प्रिंग कडक होत नाही बरं का, फक्त बसलेली गाडी पुन्हा उचलली जाते. दोन्ही बाजूंची खाच मात्र सारखी हवी.

बर्फावरच्या स्नोमोबाइलचंही दुखणं हेच, पुढची बाजू हलकी. तिथे मागच्या पट्ट्याच्या सस्पेन्शनमधला आवर-पट्टा आखूड करून पुढच्या स्कींवर भार आणतात, मग त्या बर्फ पकडतात.

खाच वर घेऊनही मोटरसायकलचं हँडल अडखळतंय? गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा, हँडल बोटाने ढकला. ते आपसूक कडेला पडायला हवं. मध्येच थबकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला.